फोन करणारे साहेब

मी, वस्तीत 'रेडिओदादा' म्हणून ओळखला जाणारा, वय ५१, धंदा रेडिओ-दुरुस्ती, शिक्षण शाळेत नाही, स्वतःच्या हिमतीवर, राहणार कालव्यापलीकडची वस्ती (घरांना क्रमांक नाहीत), समक्ष विचारल्यावरून खरे तेच सांगतो.

माझी धाकटी बहीण माझ्याकडेच राहते. ती लॉन्ड्रीत ब्लीचच्या हौदावर कामाला असून तिला दमा आहे. शहराच्या कचराभट्टीचा धूर आमच्या वस्तीवर येतो. घराआड एक दमेकरी आहे.

आमच्या पत्त्यावर ॲम्ब्युलन्स येत नाही. "सोबत पोलीस मिळाले की येऊ," असे सांगतात. म्हणून रिवाजच पडला आहे की, आजारी माणसाला आधी पुलापलीकडे न्यायचे आणि तिथल्या एखाद्या घराचा पत्ता सांगायचा. फोन मी करतो. दुरुस्तीला आलेल्या रेडिओंवर बातम्या ऐकून मी भाषा कमावली आहे. फोनवर आमचा काळा रंग दिसत नाही. पलीकडून मला "साहेब" म्हणतात. वस्तीतली बरीच माणसे माझ्या आवाजावर इस्पितळात पोचली आहेत.

आज दुपारी बहिणीला धाप लागली. तिचा दम्याचा पंप संपला होता. मी व शेजाऱ्याने तिला खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून, पुलापलीकडे एका दंतवैद्यांच्या बंगल्यासमोरच्या फुटपाथवर नेले. मी नंबर लावला तेव्हा ती म्हणाली, "दादा, बातम्या लांबवू नकोस." हे ती हसून म्हणाली. मी फोनवर म्हणालो, "आमच्या भगिनींना श्वसनाचा तीव्र त्रास होत आहे," आणि बंगल्याचा पत्ता दिला.

ॲम्ब्युलन्स लगेच आली, हे नमूद करावे. दोन कर्मचारी आमच्या अंगावरून पुढे गेले व बंगल्याची बेल वाजवू लागले. मी म्हणालो, "पेशंट इथे आहे." थोरला म्हणाला, "थांब रे, साहेबांचा कॉल आहे. तुमचं मग बघू." मी म्हणालो, "कॉल मीच केला."

"तू?"

मी फोनवरचे वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले. तो जोडीदाराला म्हणाला, "नक्कल बरी करतो गडी."

दंतवैद्य बाहेर आले. घरात सगळे ठणठणीत आहेत, म्हणाले. तरी साहेबांच्या घरी चूक नको म्हणून दोघे आतल्या खोल्या बघायला गेले. तेवढ्यात बहिणीची मान कलली. शेजारी ओरडला, "दादा, ही बोलेना!"

ॲम्ब्युलन्समधला ऑक्सिजनचा सिलिंडर मी ओढून काढला, हे खरे आहे. चोरीसाठी नाही. मी बंद पडलेले रेडिओ बोलते करतो. सिलिंडरचा नळ मला उघडता आला नाही.

शेवटी तिला त्याच ॲम्ब्युलन्सने नेले. मला आत बसू दिले नाही. मी मागून पळत इस्पितळात गेलो. चौकशीच्या खिडकीवरच्या बाईंना बहिणीचे विचारले, पुन्हा विचारले. "बाजूला उभा राहा," एवढेच उत्तर मिळाले. तिथूनच मला पोलिसांनी ठाण्यात आणले.

पत्ता खोटा दिला, हे मान्य. आवाज खोटा नव्हता. तो माझाच आहे.

हवालदारसाहेबांनी वरील मजकूर मला वाचून दाखवला. त्यांनी 'किरकोळ आजार' असे लिहिले होते, तिथे मी 'दमा' करून घेतले. आता सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे. सही करतो. फक्त टेबलावरचा फोन मला एकदा द्यावा. बहीण आहे की नाही, हे खिडकीवर मला कोणी सांगणार नाही. फोनवर सांगतील.