तारेवरचं कार्ड

(पालम. केवळाबाईंचं तेरावं काल झालं. ओसरीवर त्यांची लेक पार्वतीबाई आणि नात अर्पिता. दोघींच्या मधे पत्रं खोचलेली तार.)

अर्पिता : पण जाळायची कशाला, आत्या?

पार्वतीबाई : मोबाईलवर फोटो काढले न्हवं तू? मग झालं. आईचं अंथरूण गेलं, लुगडी वाटली. कागदंच कशाला ठेवायची?

अर्पिता : फोटोत सगळं येत नाही.

पार्वतीबाई : अक्षर येतं की.

अर्पिता : क्रम येत नाही. आजी आलं पत्र की तारेत खोचायची. जुनं खाली, नवं वर. मातीच्या थरांसारखं. घराण्याचा इतिहास मी त्यावरच लिहिला. एकशे त्रेचाळीस पत्रं आहेत.

पार्वतीबाई : लय झाली. चुलीत घाल.

अर्पिता : आधी एक विचारू?

पार्वतीबाई : इचार.

अर्पिता : आजीच्या भावाची, वालूरच्या धोंडीबामामांची एकोणतीस पत्रं आहेत. ऑगस्ट चौऱ्याहत्तरनंतर एकही नाही. बहीण-भावाचं बांधावरून तुटलं, असं तुम्ही सगळे सांगता. मीही तसंच लिहिलं.

पार्वतीबाई : मग बराबर हाय.

अर्पिता : आजीची जमीन इथं, मामांची वालूरला. मधे पाऊणशे-शंभर किलोमीटर. बांध कुठं लागला?

पार्वतीबाई : विद्यापीठात धाडली आन् पोरगी वकील हून आली.

अर्पिता : मामांचं शेवटचं कार्ड हे. वर 'श्री' नाही.

पार्वतीबाई : नसंल.

अर्पिता : मयताचं कार्ड वाचलं की फाडतात, घरात ठेवत नाहीत. तूच सांगितलंस. अख्ख्या तारेत दुसरं असं कार्ड नाही. मग हे कसं राहिलं?

पार्वतीबाई : म्या वाचलं व्हतं ते.

अर्पिता : तू? नऊ वर्षांची असशील.

पार्वतीबाई : तिसरीत व्हते. घरात वाचणारी मी एकलीच. पुरामुळं वालूरचं माणूस येऊ शकलं न्हाई, म्हणून कार्ड धाडलं. आई शेण थापायलती. म्हनली, पारू, वाच. मला जोडाक्षर येत नव्हतं. अडलं की शब्द सोडून फुडं जायची.

अर्पिता : 'आईस रविवारी पहाटे देवाज्ञा झाली.' यातलं काय सोडलंस?

पार्वतीबाई : देवाज्ञा.

अर्पिता : म्हणजे 'आईस रविवारी पहाटे झाली'.

पार्वतीबाई : वालूरची आजी, आईची आई, आजारी व्हती आधीपासून. आईनं इचारलं, "बरी झाली?" म्या म्हनलं, हां.

अर्पिता : आत्या...

पार्वतीबाई : माज्या हातावर गूळ ठेवला तिनं. कार्ड तारंला खोचलं. दिवाळीला वालूरला गेलो, तर आईनं तिच्या आईसाठी खण घेतल्याला. मामा दारातच म्हनला, दहाव्याला आली न्हाईस, आता खण घेऊन आलीस व्हय?

अर्पिता : आजी काय म्हणाली?

पार्वतीबाई : खबर पोचलीच न्हाई म्हनली. मामाला ते खोटं वाटलं. पाणीबी दिलं न्हाई. आईला वाटलं, ते कार्ड टपालात हरवलं आन् म्या वाचलं ते निराळं. मी गप बसले.

अर्पिता : म्हणून जाळायचं?

पार्वतीबाई : ती न कळता गेली. आता बाकीच्यांना कळून काय करायचं?

अर्पिता : हे धर. उजेडात बघ. भोकं किती आहेत?

पार्वतीबाई : दोन.

अर्पिता : बाकी सगळ्यांना एकेकच आहे, मी तपासलंय. यातलं एक कडेपर्यंत फाटलंय, ओढून काढल्यासारखं. दुसरं नीट आहे. आणि कार्ड ऑगस्टचं असून तारेत डिसेंबरच्या पत्राच्या वर होतं.

पार्वतीबाई : मला समजंल असं सांग.

अर्पिता : दिवाळीनंतर कुणीतरी ते काढलं आणि परत खोचलं. तारेला आजी कुणाला हात लावू देत होती का?

पार्वतीबाई : न्हाई.

अर्पिता : आजीनं कुणाकडून वाचून घेतलं ते सांगता येणार नाही. पण घेतलं असणार.

पार्वतीबाई : पन्नास वर्सं. एका शब्दानं बोलली न्हाई.

अर्पिता : फाडलंही नाही.

पार्वतीबाई : त्याच्यानंतरबी समदी पत्रं माज्याकडूनच वाचून घेतली तिनं. लगीन होऊस्तोर. फक्त दोनदा वाचाया लावायची.

अर्पिता : दोनदा?

पार्वतीबाई : मला वाटायचं, हौस हाय आईला.

अर्पिता : पाणी आणू?

पार्वतीबाई : नगं. रडू येईना मला. काल तेराव्यालाबी आलं न्हाई. समद्या बायका माज्याकडंच बघायलत्या.

अर्पिता : नाही येत तर नाही येत.

पार्वतीबाई : पुस्तकात ते बांधाचं लिव्हलंस न्हवं?

अर्पिता : हो. राहू दे?

पार्वतीबाई : खोड.

अर्पिता : आणि पत्रं?

पार्वतीबाई : खिळा हाय अजून तितंच. तार लाव त्याला. त्याच्या आधी ते कार्ड वाच.

अर्पिता : मोठ्यानं?

पार्वतीबाई : हां. दोनदा वाच.