नाव घेतलं की डाव गेला

(कपड्यांच्या कारखान्याचा जिना, जेवणाची सुट्टी. आई इथे इस्त्रीच्या कामाला. फोनवर दुसऱ्या गावाहून सात वर्षांची लेक.)

लेक : …आणि रात्री ती गरम झाली की मी उलटी करते.

आई : उशी! पण 'पालथी करते' म्हण गं. उलटी केलीस तर चादर धुवावी लागेल.

लेक : शी! पालथी. बरं. इतक्या पटकन कसं ओळखलंस?

आई : आई आहे मी तुझी. आता माझं ऐक. तापली की फुसफुसते, आणि लक्ष नसलं की चटका देते.

लेक : आत्या!

आई : अगं, इस्त्री! आत्यानं ऐकलं तर कान उपटेल तुझा. दे बरं तिला फोन.

लेक : झोपलीये.

आई : काल झोपली होती. परवाही झोपलीच होती.

लेक : तिला झोप फार. आई, माझी पाळी! लोखंडाचं आहे. माझ्या मुठीएवढं. पोटाला भोक.

आई : तुझा पैशांचा डबा?

लेक : चूक! ते दाराला असतं. बाबा गेले की खट्ट वाजतं, आणि मग दार माझं ऐकत नाही.

आई : …कुलूप.

लेक : बरोब्बर!

आई : बाहेरून लावतात? तू आत असताना?

लेक : मी सांगितलं नाहीये हं. मी नावसुद्धा घेतलं नाही. तूच ओळखलंस.

आई : कुणाला सांगायचं नव्हतं?

लेक : तुला. बाबांना वचन दिलंय.

आई : बरं, मग मी विचारते, तू नुसतं हो किंवा नाही म्हण. त्यानं वचन मोडत नाही.

लेक : नक्की?

आई : नक्की. आत्या घरात आहे?

लेक : नाही.

आई : भांडून गेली?

लेक : नाही, तिच्या सासूबाई पडल्या आणि… अय्यो! एवढं नव्हतं बोलायचं.

आई : असू दे. बाबा दुपारी शाळेतून आणून सोडतात, तेव्हापासून ते परत येईपर्यंत तू एकटीच?

लेक : हो. पण बाबा खायला झाकून ठेवतात. गॅसला हात लावायचा नाही. ते म्हणाले, आईला कळलं तर ती काम टाकून धावत येईल, आणि असं काम पुन्हा मिळायचं नाही.

आई : आणि इतका वेळ तू करतेस काय, राणी?

लेक : तुझ्यासाठी वस्तू शोधते. ताट झालं, चिमटा झाला, पंखा झाला, पायपुसणं झालं. सगळं घर संपलं, आई. मग आज कुलूपच उरलं.

सुपरवायझर : ताई, घंटा होऊन गेली. टेबलावर चला.

आई : भाऊ, तुमचा फोन द्या. नाहीतर तुम्हीच लावा, मी नंबर सांगते. माझ्या नवऱ्याला, गॅरेजमध्ये. म्हणावं, हातातलं काम टाक आणि घरी जाऊन कुलूप काढ. पोरगी आत कोंडलेली आहे.

सुपरवायझर : अरे देवा. तुमच्या हातात आहे की फोन?

आई : हा मी ठेवणार नाही. त्यावर ती आहे.

सुपरवायझर : बरं, लावतो. पण मालकांनी विचारलं तर?

आई : सांगा, गावी गेली. संध्याकाळची गाडी धरणार आहे मी. परत घेतलं तर घेतलं.

सुपरवायझर : …सांगा नंबर.

लेक : आई, बाबा ओरडतील का गं मला?

आई : ओरडू दे तर खरं! मी येतेय ना.

लेक : तू रडतेयस?

आई : हो. राग आला की येतं मला रडू. तुझा नाही गं राग.

लेक : मग आणखी एक डाव खेळूया. तुझी पाळी.

आई : मला आता काही सुचत नाही, सोन्या.

लेक : मग बोलू नकोस. नुसता फोन धरून बस. तुझ्या मागे मशिनींचा आवाज येतो ना, तो आला की घरात कोणीतरी आहे असं वाटतं.