कायद्यात बसलेली गाडी

गाडी कुठं लावतो, हे मले इचारूच नका बाप्पा. कटाळलो मी. माही गाडी केवढीशी, दोन माणसं बसली की भरली. मागच्या सोमवारी कारंज्याच्या बाजारात फटफट्यांच्या रांगेत तशीच घातली, तोंड चष्म्याच्या दुकानाकडं अन् शेपूट रस्त्याकडं. फटफट्यांपेक्षा वीतभरही बाहेर नव्हती.

तेवढ्यात ट्रॅफिकचा हवालदार आला. "कार आडवी काहून लावली?"

"भाऊ, फटफट्याही अशाच लागल्या ना."

"त्याइले दोन चाकं हायेत. चार चाकं असली की रस्त्याच्या कडेनं सरळच लावा लागते."

"असा कायदा हाये का?"

त्यानं डोकं खाजवलं. "असन ना!"

मी म्हटलं, जाऊ दे, चष्मा घेऊन येतो अन् निघतो. बाहेर येऊन पाहतो तं काय, त्यानं फटफट्या सरकवून चार हमालांकडून माही गाडी उचलून सरळ ठेवली होती. पुढं विजेचा खांब, मागं बाजूच्या दुकानाचा रस्त्यावर आलेला ओटा, मधात बोट जाईन एवढीही जागा नाही. अन् हमाल गेले जेवाले.

हवालदार खुश. "आता बसली कायद्यात."

"बसली, पण निघन कशी?"

"थे मले नका इचारू. मी फक्त लावलेल्या गाड्या पाहतो."