माणिकरावांचा ऐकायचा राहिलेला शेवट

वहिनी, पाव्हणे, मंडळी, तुम्ही सगळे कामधंदा सोडून माणिकरावांच्या शोकसभेला आलात. मी टेलर माणूस. चार लोकांत उभं राहून बोलायची सवय न्हाई. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला आज खाली बसता येणार न्हाई.

माणिकराव एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर रोज पाचला माझ्या दुकानात यायचे. हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथं आम्ही काय करायचो, ते कमी जणांना ठाऊक असंल. आम्ही पुस्तक वाचायचो. जग बेचिराख झालंय, रस्ते तुटलेत आणि एक ड्रायव्हर जुनाट बसमधनं उरलेली माणसं घेऊन चाललाय, अशी मारधाडीची नऊ भागांची मालिका. माणिकराव एकेक भाग धाराशिवहून आणायचे. पण डोळे अधू झालेले. म्हणून आम्ही पोथीसारखं करायचो. मी वाचायचं, त्यांनी अर्थ सांगायचा. आता मारधाडीच्या पुस्तकाला कसला आलाय अर्थ? माणिकरावांना सापडायचा.

एकदा पुस्तकात शहर कोसळतं आणि माणसं लगेच एकमेकांवर बंदुका रोखतात. माणिकरावांनी मला थांबवलं. म्हणाले, "टेलर, ह्या लेखकानं भूकंप बघितलेला न्हाय. आपलं सास्तूर पडलं तवा कुणी कुणाच्या अंगावर गेलं का? आधी कुणीतरी तीन दगडं मांडून चहा केला." तो चहा आम्ही दोघं प्यायलो होतो, मंडळी. त्या दिवशी मला पुढं वाचताच आलं न्हाई.

मग नववा भाग आला. शेवटचा. एकच अध्याय उरला, तसं माणिकराव म्हणायला लागले, "आज नगं. ऱ्हाऊ द्या." दुसऱ्या दिवशी पण तेच. म्हणाले, "हे संपल्यावर पाचला आपण करायचं काय?" पंधरा दिवस आम्ही नुसते बसून असायचो. पुस्तक मशिनवर तसंच.

आणि मी काय केलं? एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी एकट्यानं तो अध्याय वाचून काढला. पोथीचा शेवट कुणी चोरून वाचतं का? मी वाचला. नेमके त्याच दिवशी माणिकराव आले आणि म्हणाले, "चला टेलर, आज संपवू." पहिल्यांदाच वाचतोय असं सोंग मला जमंना. मी म्हणालो, "आज काम लई हाय, उद्या बघू." ते "व्हय" म्हणाले आणि गेले. सकाळी वहिनींचा निरोप आला.

वहिनी, तुम्हाला हे आज कळतंय. मला माफ करा. त्यांनी पंधरा दिवस टाळलं, मी एकच दिवस टाळलं.

आता पाच वाजले की मी दुकानाचं शटर ओढून घेतो. ज्याच्याशी पुस्तकाबद्दल दोन शब्द बोलावेत असं गावात कुणी उरलं न्हाई. लई एकटं वाटतं.

मंडळी, आता आपण उभं राहू. त्याआधी मला माणिकरावांशी तेवढं बोलू द्या. माणिकराव, गाडी पोचली. सगळी माणसं सुखरूप उतरली. ड्रायव्हर तेवढा उतरला न्हाई, स्टेअरिंग धरून बसून राहिला. का उतरला न्हाई? मी तीनदा वाचलं. मला कळलं न्हाई. तुम्ही सांगितलं असतं.

दोन मिनिटं कुणी बोलू नका.