रिलीज आहे, आत रिकामं

...आणि वर मलाच म्हणतात, "पोरी, तू फार तापतेस!" का नाही तापणार? किळस आलीय मला, तुम्हाला सांगते, किळस! पुण्याच्या बदलीचं पत्र तीन आठवडे हातात आहे, पण मद्रासजवळच्या सिरुसेरीतल्या या प्रोजेक्टमधून रिलीज मिळाल्याशिवाय हलता येत नाही, आणि रिलीज देणार कोण? आमचे काशिनाथ सर! मूळचे सोलापूरचे, तीस वर्षं मद्रासमध्ये, दोन हजार सहा उजाडलं तरी चेन्नई म्हणणार नाहीत. "रेवा, तेवढं बोटांच्या ठशांचं यंत्र नीट चालू दे, कण्णा, की तू सुटलीस!" कण्णा म्हणे, म्हणजे बाळा!

आता यंत्राचं काय, तर ते जोडलं की कर्नल, म्हणजे कॉम्प्युटरचा अगदी आतला कारभारी, त्याची एक नोंद करतो. ती नोंद किती जण वापरतायत ते मोजत राहायचं, आणि शेवटच्यानं सोडली की मगच पुसायची. पुसण्यासाठी एक फंक्शन लिहायचं, त्याचंही नाव रिलीज! अहो, लग्नाच्या पंगतीत काय करतो आपण? शेवटचा माणूस उठल्याशिवाय पानं उचलत नाही! आमचा कोड मात्र वायर निघाली रे निघाली की पान उचलून मोकळा... जेवणाऱ्याचा हात अजून भातात!

बरं, कर्नल बिचारा ओरडत होता. स्क्रीनवर स्पष्ट येत होतं, याला रिलीज फंक्शन नाही, हे मोडकं आहे, दुरुस्त करा! मी चार दिवस मागितले. "चार दिवस? तुमच्या पिढीला साधं काही सुचतच नाही!" असं म्हणून सर माझ्या खुर्चीत बसले आणि माझ्याच कीबोर्डवर, मुरुक्कूच्या, म्हणजे इथल्या चकलीच्या, तेलकट बोटांनी, काय लिहिलं असेल? रिलीज... दोन महिरपी कंस... आणि आत काही नाही! रिकामं! "बघ, ओरडणं थांबलं की नाही? परवाइल्ला, चालतंय!" शी! पोर रडतंय म्हणून त्याच्या तोंडात बोळा कोंबायचा? म्हटलं, "सर, शेवटचा माणूस उठल्याशिवाय..." तर म्हणे, "बावीस वर्षं सरकारी कारखान्यात यंत्रं सांभाळलीत मी, मला पंगत शिकवू नकोस! चालू यंत्राची वायर उपटायला कोण येतंय?"

कोण आलं, सांगू? गिंडीहून गिऱ्हाईक आलं, हेमलता मॅडम, यंत्रावर अंगठा टेकवून उभ्या, आणि नेमकी तेव्हाच सरांना स्वतःचा पेनड्राइव्ह लावायला जागा हवी झाली. खस्सकन उपटली की वायर! स्क्रीन काळी, वर पांढऱ्या अक्षरांचा सडा, सगळं गार! मॅडमचा अंगठा तसाच. "एन्ना सार इदु?" म्हणजे, हे काय, सर? आणि सर वळले कुणाकडे? "रेवा, काय केलंस हे!"

मी?

मॅडम गेल्या तशी म्हटलं, "सर, आता तरी सोडा मला." आणि सोडलं की हो! लगेच पत्र दिलं, लेटरहेड, सही, शिक्का... फक्त तारखेची जागा कोरी. "दुरुस्त झालं की घालू तारीख. तुझ्याशिवाय कुणाला कळतंय ते, कण्णा?"

म्हणजे बघा, रिलीज आहे... आत रिकामं!

आणि शेवटचा माणूस उठल्याशिवाय पानं उचलायची नाहीत, असं ओरडत होतं कोण? मीच ना? बाकीची टीम कधीच उठून, हात धुऊन गेली. आता शेवटचा माणूस म्हणजे मी. बसलेय.

वाढा... सांबारच वाढा.