सोपानच्या पायाला लावलेली ट्यूब

पेडगावकरांनो, पावण्यांनो, सोपानला निरोप द्यायला कामधंदा सोडून जमलात. सोपान माझा धाकटा भाऊ. मी पूर्णेहून पोचले तवा त्याचं बोलणं बंद झालं होतं.

समदे म्हणायलेत, वेळ आली होती. मला न्हाई पटत. मेंढरांमागं दिसभर हिंडणारा गडी पायाच्या नायट्यानं जातो व्हय?

खाजवून खाजवून पायाला जखम झाली. मग कुणीतरी ट्यूब दिली. तुमच्यातल्याच कुणीतरी. लाली गेली, सूज गेली. आपली जुनी रीत, मेंढीची कास उलट्या हातानं बघायची, गार लागली की दुखणं गेलं. भावजयीनं त्याचा पाय तसाच बघितला. फोनवर म्हणली, ‘‘अक्का, पाय गार लागायलाय, बरा झाला.’’ मी बी खूश झाले. अन् एकाएकी ताप भरला. जखमेतलं विष रक्तात गेलं होतं.

त्याला परभणीला नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कातडीत राखणीच्या पेशी असतात. जंतू शिरला की त्या प्रथिनं सोडतात. त्योच त्यांचा सांगावा. सांगावा गेला की रक्त धावून येतं, म्हणून जागा लाल होती, तापती, सुजती. ट्यूबीत स्टिरॉइड असंल तर त्यो सांगावाच दबतो. जंतू आत जातात, वरून कळत न्हाई.

मला आधी बाईचाच संशय आला. माणूस गेलं की दवाखानेवाले काहीबाही सांगतात. दुसऱ्या डॉक्टरला दाखवावी म्हणून ट्यूब शोधली. समदं घर पालथं घातलं. ट्यूब न्हाई. भावजय म्हणती, माती दिली त्या दिवशी फळीवर होती. मग गेली कुठं? पाय फुटले का तिला?

मघापासून तुमचे हातपाय बघायलेय मी. कुणाचा नायटा एकदम गेलाय? कुणाच्या लेकराच्या अंगावरची लाली उतरलीय? ट्यूब देणाऱ्यानं चांगल्या मनानंच दिली असंल. नेणाऱ्यानं बी गुण येतो म्हणूनच नेली असंल. माझं भांडण न्हाई. भांडून भाऊ येणार हाय का? पर तुमच्या घरात कुणाचं तरी दुखणं आत चाललंय, अन् तुमाला वाटायलंय बरं झालं. त्याला उद्याच दवाखान्यात न्या.

सोपाना, बाळा, अक्काचा रामराम घे.

आता समदे उभे ऱ्हावा अन् डोळे मिटा. ज्याच्याकडं ती ट्यूब हाय, त्यानं गुपचूप सोपानच्या फोटोपुढं आणून ठेवावी. मी बी डोळे मिटते. शप्पथ, बघणार न्हाई.