इहीणबाईच्या वरणातली डाळ

म्या नाटक केलं होतं, हे कोणीच मानलं नाही. टीव्हीवरच्या भांडणाच्या शोची टर उडवाले मी अन् माही सून वैशाली मोबाईलवर खोटा शो काढतो. दर भागात म्हशीच्या गोठ्यात बसून कॅमेऱ्याले एकमेकीच्या चुगल्या सांगायच्या. म्या सांगितलं, "हिच्या माहेरच्या वरणात डाळ शोधाले बॅटरी लागते!"

झालं. थो भाग पाहून हिवरा आश्रम गावाहून वैशालीची माय, माही इहीण, हजर. "पोरी, कपडे भर! अशा घरी नाही ठेवत मी तुले."

"अवं बाई, थे खोटं हाय," म्या म्हटलं.

"खोटं? डोळ्यातून पाणी काढून बोलल्या तुम्ही!"

"म्हशीनं शेपटी मारली होती डोळ्यावर!"

ऐकेचना. वैशाली नुसती ओढणी चावत उभी. मंग मलेही राग चढला.

"इहीणबाई, दर खेपेले तुम्ही मले पुरणपोळीच वाढली. तुमचं रोजचं वरण म्या पाह्यलं तरी कधी? मले जे लिहून भेटलं, थेच बोलली."

इहीणबाईनं कपड्याची पिशवी खाली ठेवली. "अन् लिहिते कोण?"

मागच्या दाराकडं सरकणाऱ्या पोरीकडं पाहून इहीणबाई वरडली, "वैशाले!"